सीसीमध्ये साहेब

ऑफिसातला उद्धटपणा म्हटलं की आरडाओरडा आठवतो. घरून काम करताना तो आवाज न करता होतो. थेट विचारलेला प्रश्न वाचून तसाच सोडून देणं, कुणी बोलत असताना बाजूच्या चॅटवर त्याची थट्टा करणं, किरकोळ चुकीच्या मेलमध्ये अचानक साहेबांना सीसीत घेणं. लिन अँडरसन आणि क्रिस्टीन पिअरसन या संशोधकांनी १९९९ मध्ये अशा वागण्याची व्याख्या करताना दोन खुणा सांगितल्या: तीव्रता कमी आणि दुखावण्याचा हेतू संदिग्ध. त्रास होतो तो या संदिग्धतेचाच. तक्रार करावी तर हातात ठोस काही नसतं, गप्प बसावं तर सलत राहतं. मग आपलंही उत्तर तुटक जातं, समोरून त्याहून तुटक येतं.

लिहिताना आपला सूर आपल्या कानात असतो, वाचणाऱ्यापुढे मात्र नुसती अक्षरं. 'अजून झालं नाही?' हे काळजीने विचारलंय की टोमणा आहे, त्याने कसं ओळखावं? त्याऐवजी 'शुक्रवारी चारपर्यंत आकडे मिळाले तर अहवाल पूर्ण होईल, अडचण असेल तर आजच सांग' असं लिहावं. 'जरा बोलायचंय' एवढंच टाकून गायब होणं तर फारच वाईट. समोरचा तासन्‌तास नको ते कल्पत बसतो. विषय, लागणारा वेळ आणि घाई आहे की नाही, हे त्याच मेसेजमध्ये हवं.

कॉलवर बोलणं तोडलं जाण्यामागे कधीकधी तांत्रिक कारण असतं. समोरासमोर एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात. नेटवर्कचा उशीर अनेकदा तेवढाच असतो, म्हणून दोघं एकदम सुरू होतात, दोघं थांबतात आणि शेवटी वरच्या पदाचा माणूस बोलतो. हात वर करण्याचं बटण वापरणं आणि नाव घेऊन बोलायला सांगणं, एवढ्याने बराच फरक पडतो. दर मीटिंगमध्ये एकाच व्यक्तीचं बोलणं तुटत असेल, तर मात्र दोष नेटवर्कचा नाही.

हायब्रिड मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त अन्याय होतो, आणि तो करणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. खोलीत पाच जण, स्क्रीनवर दोघं. खोलीतली कुजबुज माइकपर्यंत पोचत नाही, फळा कॅमेऱ्याबाहेर राहतो, निर्णय झाल्यावर 'तुमचं काही?' असं विचारलं जातं. पहिलं मत स्क्रीनवरच्यांना विचारा. खोलीतल्या प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवरून कॅमेरा सुरू ठेवावा, पण माइक आणि स्पीकर एकाच यंत्राचा, नाहीतर आवाज घुमतो. फळ्याऐवजी सगळ्यांना दिसणारी फाइल उघडा. आणि मीटिंगनंतर चहाच्या वेळी काही ठरलं, तर ते त्याच दिवशी ग्रुपवर लिहा.

दुखावणारा मेसेज आला तर ग्रुपवर उत्तर देऊ नका. फोन करा आणि नेमकी ओळ वाचून विचारा, 'हे कशाबद्दल लिहिलं होतंस?' गैरसमज असेल तर तो तिथेच मिटतो. तोच प्रकार पुन्हापुन्हा झाला तर तारीख, मीटिंग आणि जसेच्या तसे शब्द टिपून ठेवा. 'ती उद्धट आहे' या तक्रारीवर काहीच हलत नाही. 'दोन आठवड्यांत तीन मीटिंगमध्ये माझं सादरीकरण अर्ध्यात थांबवलं' यावर मॅनेजरला बोलावंच लागतं. मॅनेजरनेही ते नंतर खाजगीत बोलण्यापुरतं ठेवू नये. 'आधी त्यांचं पूर्ण होऊ द्या' हे वाक्य सगळ्यांसमोर, त्याच क्षणी म्हणावं.