तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःचा पगार किती ठेवावा?

छोट्या कंपन्यांचे हिशेब पाहणं हे माझं रोजचं काम. वर्ष संपत आलं की एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, यंदा माझा पगार किती धरू? टॅक्स कमीत कमी बसेल असा आकडा सांगा." विचारणारे बहुतेक मालकच असतात. शेअर्स त्यांचे, सह्या त्यांच्या आणि राबणारेही तेच. मी आधी त्यांनाच विचारते: तुम्ही सहा महिने कामावर येऊ शकला नाहीत, तर तुमच्या जागी कुणाला नेमाल आणि त्याला काय द्याल?

"माझं काम करणारा माणूसच मिळणार नाही," हे ठरलेलं उत्तर. खरं आहे, एकच माणूस नाही मिळणार. म्हणून कामाचे तुकडे पाडायचे. एका डिझाइन कंपनीच्या संचालिकेबरोबर बसून मी हे केलं. त्यांचा आठवडा कागदावर मांडला: ग्राहकांशी बोलणं, कोटेशन तयार करणं, हाताखालच्यांची ड्रॉइंग तपासणं, थकलेली बिलं वसूल करणं. प्रत्येक कामापुढे तास लिहिले आणि त्या कामाला बाजारात मिळतो तो दर. वसुलीच्या तासांना ज्येष्ठ डिझायनरचा दर लावायला त्या निघाल्या होत्या. तो मी खोडायला लावला, कारण वसुलीला नेमलेल्या माणसाला कुणी तेवढं देणार नाही. बेरीज झाली. वर्षाची विक्री 100 धरली, तर बाकीचा खर्च वजा जाता 18 उरत होते आणि त्यालाच त्या नफा म्हणत होत्या. त्यांच्या स्वतःच्या कामाची किंमत निघाली 26. कंपनी 8 ने तोट्यात होती.

"म्हणजे प्रत्येक कोटेशनमध्ये माझी मेहनत फुकट जातेय," त्या म्हणाल्या. अगदी तेच होत होतं. स्वतःचा पगार हिशेबात धरला नाही की दर कमी लागतो, स्वस्त म्हणून कामं मिळतात, कामं वाढली की माणूस नेमावासा वाटतो आणि नेमल्याबरोबर पैसे पुरेनासे होतात. उद्या कंपनी विकायची झाली, तर घेणाराही सगळ्यात आधी मालकाच्या जागी पगारी माणूस धरून नफा नव्याने काढतो. तो हिशेब दुसऱ्याने करून दाखवण्याआधी आपल्याला माहीत असावा, अशी माझी कळकळ आहे.

हा आकडा हातात आला की मग टॅक्सचं बोलू. इथे ऐकीव सल्ल्यापासून फार जपायला हवं, कारण देश बदलला की उत्तर उलटं होतं. ब्रिटनमध्ये अनेक छोटे संचालक पगार मुद्दाम कमी ठेवतात, बऱ्याचदा 12,570 पौंडांच्या करमुक्त मर्यादेइतका, आणि बाकीचं लाभांशातून, म्हणजे नफ्यातून भागधारकाला मिळणाऱ्या वाट्यातून, घेतात. लाभांशावर नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे तिथलं सामाजिक सुरक्षेचं अंशदान, लागत नाही. पगारावर मात्र एप्रिल 2025 पासून 5,000 पौंडांच्या वर या अंशदानात पगार देणाऱ्या कंपनीचा हिस्साच 15 टक्के आहे. भारतात कंपनी आधी नफ्यावर कर भरते (सवलतीच्या 22 टक्के दरानेही अधिभार आणि उपकर धरून तो 25.17 टक्के होतो), उरलेल्यातून लाभांश देते आणि 1 एप्रिल 2020 पासून तो लाभांश घेणाऱ्याच्या हातात पुन्हा करपात्र ठरतो. पगार हा कंपनीचा खर्च असल्याने त्यावर एकदाच कर बसतो. म्हणून तिथे पगाराचं पारडं सहसा जड असतं. मात्र संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कामाच्या मानाने अवाच्या सवा पगार दिला, तर जादा रक्कम खर्च म्हणून नामंजूर होऊ शकते.

अमेरिकेत एस कॉर्पोरेशन या प्रकारातल्या कंपनीचा नफा थेट मालकाच्या उत्पन्नात धरला जातो, आणि पगारावरचं सामाजिक सुरक्षेचं अंशदान त्या नफ्यावर लागत नाही; म्हणून काम करणाऱ्या मालकाला तिने वाजवी पगार द्यावाच लागतो. आयोवातल्या एका अकाउंटंटने वर्षाला 24,000 डॉलर पगार घेतला आणि 2002 साली 2 लाखांहून अधिक डॉलर नफ्याचा वाटा म्हणून काढले. कोर्टाने त्याच्या कामाचा वाजवी मोबदला 91,044 डॉलर ठरवला आणि 2012 मध्ये अपिलातही तो कायम राहिला. कोर्टाने पाहिलं ते हेच: असं काम करणाऱ्याला इतरत्र काय मिळतं.

कमी पगाराची दुसरी बाजूही असते. घरासाठी कर्ज मागायला गेलात की बँक नियमित उत्पन्न बघते. पेन्शन, विमा अशा काही गोष्टी पगाराशी बांधलेल्या असतात. वाचलेला कर लगेच दिसतो. हे नुकसान दहा वर्षांनी समोर येतं, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही.

कंपनीला परवडतच नसेल तर? मग कमी घ्या, पण तसं आधी ठरवा. संचालक मंडळाचा ठराव करून पगार कमी करणं वेगळं आणि पूर्ण पगार मंजूर करून 'नंतर घेऊ' म्हणत देणे ठेवणं वेगळं. भारतात पगार देय झाला की हातात न येताही करपात्र होतो. त्याहून वाईट सवय म्हणजे पगार न ठरवता लागतील तसे पैसे उचलणं. वर्षअखेरीला ती उचल संचालकाला दिलेलं कर्ज म्हणून ताळेबंदात दिसते आणि त्यावरून कायद्याचे व कराचे वेगळेच प्रश्न उभे राहतात. तंगीच्या काळात जो पगार घेतला नाही, तो खरा आकडा स्वतःच्या वहीत मात्र लिहून ठेवा, नाहीतर दर ठरवताना तो पुन्हा विसरला जातो.

दोन संचालक असले की गुंता वाढतो. दोन भाऊ माझ्यासमोर बसले होते. धाकटा म्हणाला, "दादा, तू आठवड्यातून दोनदा येतोस, मी रोज असतो. पगार मात्र सारखा." दादा म्हणाले, "अरे, पण निम्मं भांडवल माझं आहे ना?" दोघांचंही म्हणणं रास्त होतं, ते एकाच आकड्यात कोंबलं होतं. पगार ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे वेगळा केला, लाभांश शेअर्सप्रमाणे निम्मा-निम्मा ठेवला. दादांचा पगार बराच खाली आला. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि सही केली.

तेव्हा यंदाचा आकडा वर्ष संपताना नको, नवं वर्ष सुरू होण्याआधी ठरवा. आधी कामाचे तास आणि बाजारातला दर लिहा, मग तुमच्या देशातला कर बघा, ठराव करा आणि कर्मचाऱ्यांचा पगार ज्या तारखेला होतो त्याच तारखेला स्वतःचाही खात्यात जमा करा. तासांचा तो कागद घेऊन आलात, तर पुढचं आपण मिळून बघू.