कॅमेरा आणि टच प्रोबचं शून्य एकच आहे का?

एकाच मोजणी मशीनवर कॅमेरा आणि टच प्रोब (टोकाने स्पर्श करून मोजणारा सेन्सर) दोन्ही आहेत. डेटम (मोजमापाचा संदर्भ) टच प्रोबने घेतला, भोकं कॅमेऱ्याने मोजली आणि पोझिशन, म्हणजे भोकाची जागा, लाल (मर्यादेबाहेर) आली. अशा वेळी मशीन शॉपला फोन लावण्याआधी तोच पार्ट टेबलवर 180 अंश फिरवून ठेवा, अलाइनमेंट (पार्टचे अक्ष) नव्याने घ्या आणि तेच भोक पुन्हा मोजा. एक्सचं वाचन 12 मायक्रॉनने सरकलं, तर पार्ट बिचारा निर्दोष असण्याची शक्यता दाट आहे. कॅमेरा आणि प्रोब यांच्यातल्या ऑफसेटमध्ये (मशीनने धरलेल्या दोघांमधल्या अंतरात) साधारण 6 मायक्रॉनची चूक बसली आहे. पार्ट फिरला, पण चूक मशीनच्या अक्षांना धरून राहिली, म्हणून फरक दुप्पट दिसतो. शिवाय पोझिशन व्यासात, म्हणजे सरकण्याच्या दुप्पट, मोजली जाते. त्यामुळे अगदी जागच्या जागी असलेलं भोकही 12 मायक्रॉन चुकलेलं दिसेल.

ही चूक लपून राहते, कारण दोन्ही सेन्सर आपापल्या जागी बरोबर असतात. प्रोबने मोजलेला व्यास बरोबर, कॅमेऱ्याने मोजलेलाही बरोबर. प्रोबची चाचणी आयएसओ 10360-5 नुसार होते, कॅमेऱ्याची 10360-7 नुसार. दोघांच्या जोडीसाठी 10360-9 हा वेगळा भाग 2013 मध्ये आला. पहिले दोन रिपोर्ट स्वच्छ असले म्हणून जोडी जुळली, असं होत नाही.

आधी एकेकाचं घर नीट करा. मास्टर बॉल (माप माहीत असलेला गोळा) आणि स्टायलसच्या (प्रोबच्या काडीच्या) टोकावरची रूबी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, स्टायलस हाताने घट्ट आहे का पाहा, मग तो बॉल मोजून प्रोब क्वालिफाय करा. फॉर्म (गोलाईतली चूक) रोजच्यापेक्षा वाढलेला दिसला, तर तिथेच थांबा. सतत अ‍ॅल्युमिनियम मोजणाऱ्या रूबीवर त्याचा थर चढतो, तो डोळ्याला सहज दिसत नाही. कॅमेऱ्यासाठी काचेवरचं एक क्रोम वर्तुळ घ्या आणि मशीन हलवून ते फील्डच्या (कॅमेऱ्याला दिसणाऱ्या चौकटीच्या) चारही कोपऱ्यांत न्या. मशीनच्या स्केलवरचं अंतर आणि पिक्सेलमधलं अंतर यांवरून पिक्सेलचं माप मिळतं, शिवाय कॅमेरा अक्षांना किती तिरका बसला आहे तेही कळतं. झूम लेन्स असेल तर प्रत्येक मॅग्निफिकेशनला हे वेगळं करावं लागतं, कारण झूम बदलला की प्रतिमेचा मध्यही थोडा सरकतो.

मग रिंग गेज (अचूक व्यासाचं कडं). एक्स-वाय ऑफसेटसाठी रिंग सोयीची, कारण तिचा केंद्रबिंदू दोघांनाही सापडतो. प्रकाश जास्त झाल्याने कॅमेऱ्याला व्यास 3 मायक्रॉन मोठा दिसला, तरी चूक सगळीकडून सारखी असेल तर केंद्र हलत नाही. म्हणून बॅकलाइट एकसारखा हवा आणि पांढरा भाग 255 ग्रे लेव्हलला (उजळपणाच्या कमाल पातळीला) टेकलेला नको. 200 ते 220 पुरे. कडेचे 8 ते 12 तुकडे घ्या आणि प्रत्येक तुकडा फील्डच्या मध्यावर आणा.

टच करताना मात्र चार पॉइंटची सवय सोडा. तीन आधारांच्या टच ट्रिगर प्रोबला दिशेनुसार प्रीट्रॅव्हल (स्पर्शापासून सिग्नल मिळेपर्यंतची हालचाल) बदलतो आणि त्याचा आकार तीन पाकळ्यांचा असतो. 90 अंशांवरच्या चार पॉइंटना ती तीन पाकळ्यांची चूक आणि केंद्र सरकणं यांत फरकच करता येत नाही. सगळी चूक केंद्रात जाते. सारख्या अंतरावरचे आठ पॉइंट घेतले की ती केंद्रातून निघून जाते. चार जास्तीच्या स्पर्शांना अर्धा मिनिटही लागत नाही.

दुसरा खड्डा म्हणजे रिंगचा कल. कॅमेरा वरची कड पाहतो, प्रोब 5 मिमी आत टच करतो. रिंग फक्त 0.1 अंश कललेली असेल, तर दोन केंद्रांमध्ये जवळपास 9 मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणून बोअर (रिंगचं भोक) दोन खोलींवर टच करून सिलिंडर म्हणून घ्या आणि त्याचा अक्ष कॅमेऱ्याच्या फोकसच्या उंचीवर आणा. आणि रिंग बांधा! काचेवर नुसती ठेवलेली हलकी रिंग प्रोबच्या स्पर्शानेही सरकू शकते.

झेडचा ऑफसेट जास्त चिवट. आरशासारख्या चकचकीत गेज ब्लॉकवर ऑटोफोकसला धरायला काहीच नसतं, ग्राइंड केलेल्या पृष्ठभागावर तो नीट बसतो. पण खडबडीत पृष्ठभागही चालत नाही, कारण रूबी शिखरांवर टेकते आणि कॅमेरा सरासरी उंची पाहतो. बारीक ग्राइंड केलेला सपाट तुकडा, सर्वात जास्त मॅग्निफिकेशन, एकाच जागी दहा वेळा फोकस आणि त्याच जागी टच. दहा वाचनं पसरलेली आली, तर सरासरी काढून पुढे जाऊ नका, आधी प्रकाश बदलून पाहा.

तापमानाचा हिशेब सोपा आहे. 50 मिमीची स्टील रिंग 23 अंशांवर असेल, तर 20 च्या तुलनेत 1.7 मायक्रॉनने फुगते. केंद्राला त्याचं सोयरसुतक नाही. पण कॅमेऱ्याची एलईडी आणि इलेक्ट्रॉनिक्स तापली की ब्रॅकेट लांबतं आणि ऑफसेट खरोखर सरकतो. म्हणून दिवे लावून मशीन स्थिर झाल्यावरच ऑफसेट काढा, सकाळी आल्या आल्या नाही.

ऑफसेट नेहमी एकाच संदर्भ स्टायलसशी बांधा, बाकीचे स्टायलस मास्टर बॉलवर त्याच्याशी जोडले जातात. संदर्भ स्टायलस बदलला, प्रोब कुठे धडकला किंवा लेन्स उघडली, तर सगळं पहिल्यापासून. एरवी रोज सकाळी रिंगचं केंद्र दोन्हींनी घ्या आणि फरक लिहून ठेवा. एखाद दिवशी 1 मायक्रॉन इकडेतिकडे होईलच. पण आठवडाभर आकडा एकाच दिशेने चालत राहिला, तर आधी कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटचे स्क्रू बघा.