लाल नावाचे लेखक

श्रावणातली गोष्ट. कुरखेडा तालुक्यात रोवणी जोरात होती आणि आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक विद्यार्थी फिरकत नव्हता. दुपारी समाजशास्त्राचे सर लॅपटॉप घेऊन आले. गोंड समाजावरचा त्यांचा इंग्रजी शोधनिबंध नियतकालिकाने परत पाठवला होता. मजकुरावर आक्षेप नव्हता, संदर्भसूची तेवढी एपीएच्या, म्हणजे संदर्भ लिहिण्याच्या एका ठरलेल्या पद्धतीच्या, सातव्या आवृत्तीप्रमाणे करून मागितली होती. मुदत त्याच रात्रीची.

सूचीत 58 नोंदी होत्या. ढोबळ कामं भराभर उरकली. सरांनी जुन्या पद्धतीने प्रकाशकाआधी गाव लिहिलं होतं. सातव्या आवृत्तीत ते नको, म्हणून सगळी लंडन, दिल्ली काढली. तीन किंवा जास्त लेखक असतील तर मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच पहिल्या नावापुढे 'एट अल.' (आणि इतर) चालतं, सूचीत मात्र वीसपर्यंत सगळी नावं द्यावी लागतात. सहा संदर्भ मजकुरात होते पण सूचीत नव्हते. ते सरांना विचारून एकेक भरले.

मग रसेलची नोंद आली. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा त्यांचा 1916चा ग्रंथ आमच्या भागावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण वापरतो. सरांनी तयार नोंद उचलली होती: 'रसेल, आर. व्ही., अँड लाल, आर. बी. एच.' मजकुरात नुसता 'पृ. 91'. ग्रंथाचे खंड चार, प्रत्येकाची पानं नव्याने एकपासून सुरू. मग हे एक्याण्णव कोणत्या खंडातलं?

तेवढ्यात वीज गेली. "मॅडम जी, लाईन गेली जी, आता लवकर नाही येत," शिपाईदादा म्हणाले. मी मोबाईलची बॅटरी लावून मागचं कपाट उघडलं. चारही खंड पुनर्मुद्रित, पानांना ओल लागलेली. तिसऱ्या खंडात गोंडांवरचा लेख आहे. सरांचा उतारा तिथेच सापडला, पान 91.

खंड मिटताना मुखपृष्ठामागचं शीर्षकाचं पान समोर आलं. वर रसेल यांचं नाव. खाली, साहाय्य केल्याचं सांगून, 'राय बहादूर हिरा लाल, एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर'. मी तिथेच थांबले. 'आर. बी.' म्हणजे राय बहादूर, सरकारने दिलेला किताब! तो नावाची आद्याक्षरं होऊन बसला होता. आणि माणसाचं नाव हिरालाल. ते मधोमध तोडून 'एच.' एकीकडे आणि 'लाल' आडनाव म्हणून दुसरीकडे.

सर म्हणाले, "राहू द्या मॅडम, सगळेच असं लिहितात. संपादक अडवणार नाही."

मी म्हटलं, "सर, तुमचं आडनाव कोणी आद्याक्षर करून टाकलं तर चालेल का?" सर काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून ते शेजारी बसले.

एपीएत पदव्या आणि किताब लेखकाच्या नावात धरत नाहीत, आणि ज्या नावाचे आडनाव-नाव असे भाग पडत नाहीत ते अखंड लिहिता येतं. म्हणून 'रसेल, आर. व्ही., अँड हिरा लाल' असं केलं, खंड तिसरा घातला आणि मजकुरातले सगळे 'लाल' बदलले. शोधनिबंधात ते अकरा ठिकाणी होते. हिरालाल आपल्याच प्रांतातले अधिकारी आणि अभ्यासक. त्यांचं नाव आपणच चुकीचं छापायचं, हे मला सहन होत नव्हतं.

साडेआठला मोबाईलच्या नेटवरून सरांनी फाईल पाठवली. पाऊस थांबला नव्हता, म्हणून निघायची घाई नव्हती. मला सहज आमच्याकडच्या तालिकेची, म्हणजे पुस्तकांच्या कार्डांवरच्या सूचीची, शंका आली. लेखक तालिकेतला 'ल'चा खण ओढला. तिथे नोंदीचं पत्र, म्हणजे कार्ड, होतं: 'लाल, आर. बी. एच.' माझ्याच अक्षरात, नोकरीला लागले त्या वर्षीचं.

ते पत्र काढून मी नवं लिहिलं आणि 'ह'च्या खणात लावलं. मग चारही खंड टेबलावर घेऊन दाखल नोंदवहीतल्या नोंदी तपासायला बसले. शिपाईदादांनी न सांगता बॅटरी धरली.