टाइमआउट आला म्हणजे जॉब मेला असं नसतं

परवा पुन्हा तेच. नऊ स्टेप्सचा वर्कफ्लो (एकामागून एक चालणाऱ्या कामांची साखळी), तीन क्लस्टरवर, म्हणजे मशीनच्या तीन गटांवर पसरलेला, सहाव्या स्टेपला टाइमआउट आला (ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही) आणि वर्कफ्लो चालवणाऱ्या आमच्या इंजिनने इमानेइतबारे मागचं सगळं आवरायला घेतलं, कॉपी केलेला डेटा डिलीट, स्टोरेजचं रिझर्व्हेशन रद्द वगैरे. त्या स्टेपचा जॉब मात्र तिकडे मजेत चालू होता, फक्त उत्तर यायला उशीर झालेला. इनपुट फाईलच गेल्यावर मग तो खरंच मेला.

डेटाबेसवाल्या मित्रांना सांगितलं की लगेच म्हणतात टू-फेज कमिट लाव, म्हणजे आधी सगळ्यांना 'तयार का?' विचारायचं आणि मग सगळ्यांनी एकदमच काम पक्कं (कमिट) करायचं. अरे बाबा, त्यात सगळ्यांनी 'तयार' म्हटल्यावर हे विचारणारा कोऑर्डिनेटरच पडला तर बाकीचे डेटावर लॉक धरून ताटकळत बसतात, कमिटही करता येत नाही आणि सोडताही येत नाही. मिलिसेकंदांचा मामला असेल तर चालून जातं, पण ग्रिडवर (वेगवेगळ्या संस्थांची मशीन जोडलेल्या जाळ्यावर) एकेक स्टेप तासन्‌तास चालते आणि मशीन असतं भलत्याच संस्थेचं, ते कशाला आपल्यासाठी लॉक धरून बसतील?

मग उरतो सागा. गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी १९८७ मध्ये मांडलेला: मोठ्या ट्रान्झॅक्शनचे तुकडे करा, प्रत्येक तुकडा आपापला कमिट होईल, आणि मध्येच फसलं तर झालेल्या प्रत्येकाचं कॉम्पेन्सेशन (केलेलं निस्तरणारं काम) उलट्या क्रमाने चालवा. ऐकायला सोपं आहे, पण आयसोलेशन जातं, म्हणजे तुमचा अर्धवट डेटा दुसऱ्या कोणी आधीच वाचलेला असू शकतो. आणि कॉम्पेन्सेशनही मध्येच पडू शकतं, त्यामुळे ते दोनदा चाललं तरी काही बिघडणार नाही असंच लिहावं लागतं.

आमची चूक मात्र त्याहून बाळबोध होती. आमच्याकडे स्टेपच्या दोनच अवस्था होत्या, झाली किंवा फसली. आता तिसरी टाकलीय, 'माहीत नाही'. सबमिट करण्याआधीच जॉबला आयडी देऊन लॉगमध्ये लिहायचा, टाइमआउट आला की त्या आयडीने आधी विचारायचं, कॅन्सल करायचं असेल तर कॅन्सल झाल्याचं उत्तर येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आणि झालेल्या पाच स्टेप्स पुसायच्या कशाला (एवढा सीपीयू टाइम गेलाय त्यात!), कॉन्डॉर या जॉब चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला वर्कफ्लो सांभाळणारा डॅगमॅन जशी रेस्क्यू फाईल लिहून पुढच्या वेळी झालेलं वगळतो तसं तिथूनच पुढे जायचं.

जॉब चालवणाऱ्या मशीनने, म्हणजे नोडने, उत्तरच दिलं नाही तर? ते जॉब अजून पेंडिंगमध्ये पडतात आणि सकाळी मीच बघतो.