स्वीपशिवाय दोनशे

आमच्या पुण्यातल्या सायकल क्लबात रविवारच्या राईडआधी दोन नावं पुकारतात. एक लीडचं, एक स्वीपचं. लीड कोण ते मला कधी नीट कळलंच नाही, कारण तो मला थेट नाश्त्याच्या टेबलावर दिसायचा, तोही दुसरा चहा घेताना. स्वीप मात्र माझ्या रोजच्या ओळखीचा. स्वीप म्हणजे सगळ्यात मागून येणारा, शेवटच्याला टाकून पुढे न जाणारा माणूस. आणि शेवटची मी.

खडकवासला असो, डोणजे असो की जुना कात्रज घाट, दोन वर्षं माझ्या मागे कुणी ना कुणी होतंच. "सावकाश ताई, मला काही घाई नाही," असं म्हणायचं आणि मागच्या खिशात वाजणारा फोन तिसऱ्यांदा बंद करायचा. घरी बायको वाट बघतेय हे दोघांनाही ठाऊक, पण घाटात खोटं बोलायला मुभा असते.

टेबलावरच्या गप्पा मात्र फार मोठ्या. नागपूरच्या अमित समर्थांनी २०१७ साली रॅम ही सायकल शर्यत एकट्यानं पूर्ण केली, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत बारा दिवसांच्या आत, हे कुणीतरी हमखास सांगायचं. मी मिसळीतला पाव मोडत ऐकायची. अशाच एका रविवारी समोरून आलं, "ताई, तुम्ही एक दोनशे करून टाका. पंधराचाच तर स्पीड लागतो."

दोनशे म्हणजे दोनशे किलोमीटरची बीआरएम, ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राईड. याचं मूळ फ्रान्सचं. ओडॅक्स क्लब पॅरिसियन नावाची संस्था याचे नियम ठरवते आणि जगभरातले क्लब त्यानुसार राईड घेतात. दोनशेला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. एकाच हंगामात चारही केल्या की सुपर रँडोनियर म्हणवून घ्यायचं. ही शर्यत नाही, निकालात पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत आलात की आलात.

तासाला पंधरा हा आकडा फसवा आहे. रतीब घालणारा दूधवालासुद्धा त्या वेगानं जातो. पण हे घड्याळ चहाला थांबत नाही, पंक्चरला थांबत नाही आणि पेट्रोल पंपावर बायकांच्या स्वच्छतागृहाची चावी नेमकी कुठल्या पोराकडे आहे हे शोधण्यासाठी तर अजिबातच थांबत नाही. आणि बीआरएमला स्वीप नसतो. स्वतःची सायकल, स्वतःचं पंक्चर, स्वतःचं पाणी. नियमच तसा आहे. मला हे माहीत होतं, पण कळलं नव्हतं.

जानेवारीतला रविवार, पहाटे साडेपाच, वारजे. पुढचा दिवा, मागचा दिवा, हेल्मेट, चमकणारं जाकीट, सगळं तपासून हातात ब्रेव्हे कार्ड मिळालं. पोस्टाच्या बचत पासबुकासारखी त्याची घडी. आत प्रत्येक कंट्रोलची, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणाची, वेळ आणि शिक्क्यासाठी रिकामा चौकोन. मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाठीच्या खिशात ठेवलं आणि पहिल्या दहा किलोमीटरमध्ये निदान चार वेळा चाचपून पाहिलं.

सहाला सुटलो. नवले पुलाच्या पुढे कात्रजच्या नव्या बोगद्यापर्यंत चढच चढ. थंडी म्हणून आत घातलेला स्वेटर ही पहिली चूक. बोगद्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत मी आतून भिजले होते. पुढचे लाल दिवे आधी माळेसारखे दिसत होते, मग सुटे सुटे झाले, बोगद्यातून बाहेर पडल्यावर एकही उरला नाही. सवयीनं मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

काय वाटलं सांगू? भीती नाही. शाळा सुटल्यावर सगळ्यांना न्यायला कुणीतरी आलंय आणि आपण अजून फाटकापाशीच उभे, तसं काहीतरी.

सारोळ्याला नीरेच्या पुलावर धुकं होतं आणि बोटं इतकी गारठली की गिअर बदलायला तळहात वापरावा लागला. शिरवळला पोहे, चहा, स्वेटर बॅगेत. पुढे खंबाटकी.

तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावाच लागायचा. बोगद्याचं सुख परत येणाऱ्यांना. घाट मोठा नाही, पण माल भरलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये चढत असतात आणि तोच माझाही वेग. एका ट्रकच्या शेजारून मी चाललेय, पुढे जाता येत नाही, मागे पडावंसं वाटत नाही. खिडकीतून क्लीनरनं मान बाहेर काढली.

"कुठनं आलाय?"

"पुण्यावरनं."

"सायकलीवं? कशापायी?"

एवढा दम नव्हता. "असंच," म्हटलं.

"पैशे देत्यात व्हय?"

"नाही, आपणच भरायचे."

त्यानं मान आत घेतली आणि ही बातमी ड्रायव्हरला दिली असणार, कारण पुढच्या वळणावर ड्रायव्हर वाकून मला बघून गेला.

घाटमाथ्यावरून वेळे, सुरूर, मग भुईंजकडे. उसाचा हंगाम, त्यामुळे हवेत मळीचा तो आंबूस गोड वास. परतीचा कंट्रोल साताऱ्याच्या थोडं अलीकडे, एका हॉटेलच्या ओट्यावर. बंद व्हायची वेळ बारा चाळीस, मी पोचले बारा पाचला. शिक्का मारणाऱ्या पोरानं "मस्त वेळेत आहात ताई," म्हटलं, आणि त्याच वेळी पुढच्यांपैकी बरेच जण आत्तापर्यंत खंबाटकीचा बोगदा पार करून गेले असतील हेही सांगितलं. न सांगता चाललं असतं.

ओट्यावर आणखी दोघं होते. बारामतीकडचे साठीतले एक काका, स्टीलच्या डब्यातून थालीपीठ खात बसलेले. आणि इंजिनिअरिंगचा एक मुलगा, पोटरीत गोळा आल्यामुळे पाय लांब करून बसलेला. तिघं एकदमच निघालो. शेपटीचाही एक ग्रुप होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं उसाचा एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं गाणी, वेग असेल विसाचा. त्याच्या मागे लागलं की वारा अडतो, पाय नुसते फिरवायचे. मी आणि तो मुलगा काही न बोलता सरकलो. मागून काकांचा आवाज आला, "अहो ताई, ट्रॅक्टरमागं नाही हं. नियमात बसत नाही." बघायला कुणी कुत्रंही नव्हतं. पण काका बघत होते. आम्ही मुकाट्यानं मागे झालो, आणि वारा पुन्हा थेट छातीवर.

सुरूरच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. टायरमध्ये नखाएवढी तार. ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या बारीक पोलादी तारा हायवेच्या कडेला पसरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, ट्यूबला बरोबर दिसतात. काका थांबले, तार कुठे आहे ते बोटानं दाखवलं आणि म्हणाले, "मी हळूहळू पुढं होतो." त्यांना जायलाच हवं होतं, त्यांचंही घड्याळ चालूच होतं. मुलगाही गेला. क्षणभर राग आला, खोटं कशाला बोलू.

तार काढली, ट्यूब बदलली. हातपंपानं भरता भरता दंड भरून आले, तरी टायर पावासारखा मऊच. तसंच ढकलत एका पंक्चरच्या दुकानाशी आले. कॉम्प्रेसर होता, पण माझ्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक, प्रेस्टा. दुकानदारांनी चष्मा वर सरकवून बघितलं.

"ह्याला पितळंची टोपी लागती. आणली न्हाई?"

घरी ड्रॉवरमध्ये होती. दोन होत्या.

त्यांनी खिळ्यांचा डबा फरशीवर पालथा केला आणि बोटानं चाळायला लागले. नट, बोल्ट, व्हॉल्व्हपिना, एक तुटकी किल्ली, आणि शेवटी करंगळीच्या नखाएवढा पितळी ॲडॉप्टर. "तुमच्यासारखाच एकजण इसरून गेला हुता." हवा भरली, टायर अंगठ्यानं दाबून बघितला, वीस रुपये घेतले. मी ॲडॉप्टर काढून विचारलं, "हा मी विकत घेऊ का?"

"न्हाई. हितंच ऱ्हाऊ द्या. फुडच्याला लागंल."

जवळपास एक तास गेला होता. दोन पंचवीस. उरलेले पाऊणशेच्या वर किलोमीटर मला धड आठवत नाहीत. बोगद्यातली घरघर आठवते, बाहेरच्या एस वळणावर दोन्ही ब्रेक आवळून धरल्यानं दुखलेली मनगटं आठवतात. शिरवळला उसाचा रस उभ्या उभ्या प्यायले. खेड शिवापूर सोडलं तेव्हा सूर्य टेकत होता, आणि सकाळी जो बोगदा चढून आले तो आता दुसऱ्या बाजूनंही चढावरच आहे, हे कळल्यावर मी मोठ्यानं एक शब्द उच्चारला. तो इथे लिहीत नाही.

बोगद्यानंतर नवले पुलाचा उतार. पुण्यातल्या कुणालाही हा उतार समजावून सांगायला नको. अंधार, मागून ट्रकांचे झोत, डावी कड धरून मी अशी उतरले की बहुधा चढतानाही माझा वेग याहून जास्त असावा.

सात वाजून नऊ मिनिटं. एकवीस मिनिटं हातात. कार्डावर वेळ टाकून, सही करून देऊन टाकलं. पदक हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे, तेही काही महिन्यांनी येतं. मी भरले, का नाही भरायचे. काका खुर्चीवर वडापाव खात होते. "आलात," एवढंच म्हणाले आणि शेजारची खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली. मुलगा कुठेच दिसला नाही. शिवापूरहून टेम्पोत बसला, असं नंतर समजलं.

पुढच्या रविवारी खडकवासला. लीडचं नाव पुकारलं आणि मग स्वीप म्हणून माझं. सगळे हसले, मीही. त्या दिवशी एक नवीन मुलगी आली होती, भावाची सायकल घेऊन, सीट दोन इंच खाली. किरकटवाडीच्या आधीच ती धापा टाकायला लागली. मागे वळून म्हणाली, "ताई, माझ्यामुळे उशीर होतोय ना तुम्हाला?"

खिशात माझा फोन वाजत होता.

"मला काही घाई नाही," मी म्हटलं. "तू पुढे बघ. खड्डा!"