शब्बाथ शाळा सुटली, तरुण संघ अजून लांब: मधल्या मुलांचं काय?

सोलापुरातल्या अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत रविवारची मांडणी एकसारखीच दिसते. लहानांसाठी शब्बाथ शाळा, म्हणजे रविवारचा बायबलवर्ग, आणि कॉलेज-नोकरीतल्यांसाठी तरुण संघ. आठवीतल्या मुलाला पहिलीतल्या पोरांसोबत हातवारे करत गाणं म्हणायची लाज वाटते. तरुण संघात गेला तर तिथे नोकरी, लग्न आणि नाताळच्या कोयरची (गायकवृंदाची) वर्गणी हेच विषय. मग तो उपासनेला मागच्या बाकावर बसू लागतो, काही महिन्यांनी बाहेर गाडीवर, आणि पुढे 'क्लास आहे' म्हणून घरीच राहतो. दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीच्या, वर्गापुरता तो परत येतो. दृढीकरण झालं की पुन्हा दिसत नाही.

१३ ते १७ या वयासाठी वेगळी साप्ताहिक सभा हवी, हे माझं ठाम मत आहे. ती छोटी असली तरी चालेल, मोठी असण्यापेक्षा छोटीच बरी. पण ती दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच माणसांनी घेतली पाहिजे. वर्षातून एक दणदणीत युवा मेळावा, स्टेज, साउंड आणि बाहेरगावचा वक्ता यावर जो पैसा जातो, त्यात अशी सभा वर्षभर चालते. मेळाव्यानंतरच्या सोमवारी मुलाला हाक मारणारं कोणी नसेल, तर मेळाव्याचा उपयोग किती?

सुरुवात माणसांपासून करा. सहा-सात मुलांमागे एक मोठा माणूस लागतो, आणि मुलं चारच असली तरी मोठी माणसं किमान दोन, त्यांत एक बाई. त्यांना गिटार आलीच पाहिजे असं नाही. वर्षभर टिकणं, ऐकून घेणं आणि मुलांची नावं लक्षात ठेवणं एवढं आलं पाहिजे. विशीतला उत्साही तरुण एकट्याच्या जिवावर सभा सुरू करतो, चार महिन्यांत त्याला पुण्यात नोकरी लागते आणि सभा बंद पडते, हा प्रकार फार होतो. म्हणून जोडीत एक जण इथेच स्थायिक असलेला, चाळिशीतला घ्या. मुलांना तो 'म्हातारा' वाटेल अशी भीती नको. रोज घरात 'अभ्यास कर' ऐकणाऱ्या मुलाला, अभ्यासाचं न विचारता बोलणारे काका किंवा मावशी हवेच असतात.

वार आणि वेळ पाळकांच्या (पास्टरांच्या) सोयीने ठरवू नका. एका कागदावर मुलांचे क्लास, शाळेची पाळी आणि पाण्याचा दिवस लिहून काढा. पाण्याचा दिवस मुद्दाम म्हणतोय. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, आणि ते आलं की घरातली मोठी मुलगी भांडी-पिंपं भरायला थांबते. मुली एकाआड एक शनिवार गैरहजर दिसल्या तर आधी हे तपासा. साधारणपणे शनिवारी साडेपाच ते सात जमतं. सातला म्हणजे सातला सोडायचं. मुलगी दोनदा उशिरा घरी पोहोचली तर तिसऱ्यांदा तिला पाठवणार नाहीत, आणि त्यात घरच्यांची चूक नाही.

दीड तासाची विभागणी अशी बसते: पहिली पंधरा मिनिटं नुसतं जमणं आणि कॅरम, दहा मिनिटं सगळ्यांना घेता येईल असा खेळ, पंधरा मिनिटं गाणी, पस्तीस मिनिटं शास्त्र म्हणजे बायबल, पाच-सात मिनिटं प्रार्थना आणि उरलेला वेळ खाणं. पहिली पंधरा मिनिटं वाया जातात असं वाटून कित्येक जण ती कापतात. नवीन मुलगा टिकतो तो त्या पंधरा मिनिटांवर. कॅरमला बसलेल्या मुलाला 'तू कोणाचा, बाप्तिस्मा झाला का' असं कुणी विचारत नाही, सोंगटी सरकवायला देतात.

गाण्यांत नेहमी होणारी चूक म्हणजे पट्टी. तेरा-चौदाच्या मुलांचा आवाज फुटत असतो. पेटीवर काळी चार किंवा पाच धरून गाणाऱ्या बाईंच्या मागे मुली जातात आणि मुलं गप्प होतात. मग 'मुलांना गाण्यात रसच नाही' असा निष्कर्ष निघतो. काळी एक किंवा पांढरी दोन धरा आणि ज्याची चाल वरच्या षड्जापलीकडे जात नाही अशीच गाणी निवडा. तीन गाणी पुरतात: एक नवं, एक टाळ्यांचं आणि एक आपलं जुनं मराठी भजन. जुनं भजन सोडू नका. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली गेले, पण ओवी-अभंगाच्या वळणाची त्यांची गीतं ढोलकी आणि टाळांवर आजही ताजी वाटतात. फक्त कडव्यातले अवघड शब्द आधी दोन मिनिटांत समजावून सांगा, नाहीतर मुलं ती मंत्रासारखी म्हणतात.

शास्त्राचा भाग मात्र खरा कस पाहतो. पहिला अडसर भाषेचा. घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळा इंग्रजी माध्यमाची, मेसेज रोमन लिपीत आणि उपासना जुन्या वळणाच्या मराठीत, अशी मुलं सोलापुरात प्रत्येक गटात निघतात. त्यांच्याकडून गोल बसवून एकेक वचन वाचून घेणं ही शिक्षाच आहे. अडखळणारा मुलगा पुढच्या शनिवारी येत नाही, आणि कारण कधीच सांगत नाही. सोप्या मराठीतल्या आवृत्तीतला उतारा मोठ्या टाइपात एका पानावर छापा आणि ज्याला वाचायची हौस आहे त्याला दोन दिवस आधी द्या. बाकीच्यांनी ऐकायचं. कोणाला तेलुगूत बोलावंसं वाटलं तर बोलू द्या, शेजारचा सांगतो अर्थ.

वर्षाची सुरुवात बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाने करा. अध्याय सोळाच आहेत, घटना भराभर घडतात, जून ते नोव्हेंबरात पूर्ण होतं. उदाहरणादाखल पाचव्या अध्यायातली याईराची मुलगी घ्या, जिला येशू मरणातून उठवतो. उतारा दोनदा वाचायचा. मग पहिला प्रश्न: काय दिसलं, काय ऐकू आलं? इथे अर्थ सांगायचा नाही, नुसतं दिसलेलं सांगायचं. मुलं सांगतात: गर्दी, रडारड, हसणारे लोक. मग कोणीतरी बोट ठेवतं की मुलगी बारा वर्षांची आहे, आणि वाटेत भेटलेली बाईही बारा वर्षं आजारी आहे. दुसरा प्रश्न: कुठे अडलात? 'मेलेली उठते कशी' हा प्रश्न येणारच. येऊ द्या. तिसरा: यातला कोणता माणूस तुमच्या घरी किंवा गल्लीत आहे? शेवटी त्रेचाळिसावं वचन पुन्हा वाचा, जिथे येशू तिला काहीतरी खायला द्या म्हणतो. इतक्या मोठ्या घटनेनंतर त्याला मुलीची भूक आठवते. या वयाच्या मुलांना हे वाक्य लगेच भिडतं.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. सातव्या-आठव्या आकड्याला कोणीतरी बोलतं. बहुतेक जण तिसऱ्या आकड्याला घाबरून स्वतःच उत्तर देतात, आणि तिथून प्रवचन सुरू होतं. मोठ्या माणसाचं सलग बोलणं दहा-बारा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. 'मग देवाने माझ्या आजीला बरं का केलं नाही?' असं मुलीने विचारलं तर 'मला माहीत नाही' म्हणावं, आणि तिच्यासोबत थोडा वेळ गप्प बसावं. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरूंचं ऐकतो आणि त्यांना प्रश्न विचारतो. प्रश्न विचारणारं मूल म्हणजे विश्वास ढळलेलं मूल, हे आपल्याकडचं समीकरण मोडलं पाहिजे.

प्रार्थनेत कोणावरही सक्ती नको, 'डोळे मिटून हात वर करा' हेही नको. शेजारी बघतोय म्हणून वर गेलेला हात आपल्या काहीच कामाचा नाही.

खाण्याला वीस मुलांसाठी सुशीला, म्हणजे भिजवलेले फोडणीचे चुरमुरे, सोपं आणि स्वस्त पडतं. एक किलो चुरमुरे, पाऊण किलो कांदा, पाव किलो शेंगदाण्याचं कूट, दहा-बारा मिरच्या, कढीपत्ता, कोथिंबीर, दोन लिंबं. फोडणी आधी करून ठेवली तरी चालते, पण चुरमुरे मुलं उठायच्या बेतात असतानाच भिजवायचे: पाण्यात बुडवून लगेच पिळून काढायचे. पाच मिनिटं पाण्यात राहिले तर लगदा होतो. हे काम मुलग्यांकडून करून घ्या. 'खाणं मुलींनी, खुर्च्या मुलांनी' ही वाटणी ख्रिस्ताच्या घरात तरी नको.

आता सुरक्षिततेचं, आणि हे मी अजिबात सैल ठेवणार नाही. त्याच याईराच्या घरात येशू खोलीत गेला तेव्हा सोबत मुलीचे आई-वडील आणि तीन शिष्य होते. आपण तर साधी माणसं. बंद खोलीत एका मुलासोबत एक मोठा माणूस, असं कधीच नको. मनातलं बोलायचं असेल तर उघड्या ओसरीवर, इतरांच्या नजरेच्या टप्प्यात बसा. गाडीवरून एकट्या मुलीला सोडायला जाऊ नका. व्हॉट्सॲप गटात दोन मोठी माणसं आणि शक्य तिथे पालकही हवेत. रात्री नऊनंतर मेसेज नाही, आणि मुलांशी खासगी चॅट तर कधीच नाही.

मूल काही सांगू लागलं की 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'तुला मदत करतील अशा माणसांनाच सांगेन' म्हणा. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा आहे आणि तो १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू होतो. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८ आणि मानसिक त्रासासाठी टेली मानस १४४१६ हे दोन क्रमांक भिंतीवर लावा. कमिटी बसवून आपली चौकशी करू नका, मूल आणि ज्याच्यावर आरोप आहे तो माणूस, या दोघांना समोरासमोर तर मुळीच आणू नका. आणखी एक गळती आपल्या मंडळ्यांत खास आहे: प्रार्थनेची विनंती. 'अमुकच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिच्यावर असा प्रसंग आला' हा मेसेज तासाभरात सगळ्या शहरात जातो. अशा मुलाची ओळख उघड करू नये असंही कायदा सांगतो. नावाशिवाय प्रार्थना करा, देवाला नाव माहीत आहे.

मंडळीबाहेरच्या मुलांपर्यंत जायचं तर सोलापुरात सर्वांत खरी गरज अभ्यासिकेची आहे. यंत्रमागाची खडखड, एकच खोली, त्यात विड्या वळणारी आई आणि मोठ्याने चाललेला टीव्ही, यात दहावीचा अभ्यास कसा होणार? चर्चचा हॉल आठवडाभर कुलपात असतो. जानेवारी ते मार्च संध्याकाळी साडेसहा ते नऊ तो उघडा. बारा-पंधरा मुलांसाठी टेबलं, पुरेसे दिवे, पिण्याचं पाणी, चालू स्थितीतलं स्वच्छतागृह आणि गणित-इंग्रजी सांगणारी दोन माणसं, एवढंच लागतं. मुलांना नवीन क्लास नकोय, अडलेलं गणित पाच मिनिटांत सोडवून देणारं कोणीतरी हवंय.

इथे प्रामाणिकपणा कडक पाळायचा. पालकांची लेखी संमती घ्या आणि कागदावर चर्चचं नाव ठळक असू द्या. अभ्यासाआधी प्रार्थनेची अट नको, वह्या वाटून उपासनेला बोलावणं नको, पालकांच्या नकळत अल्पवयीन मुलाशी बाप्तिस्म्याची बोलणी तर नकोच नको. शाळेत कार्यक्रम घेणार असाल तर राज्यघटनेचं कलम २८ वाचून जा: मान्यताप्राप्त शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात बसवता येत नाही. मुलाने आपणहून विचारलं, 'तुम्ही हे का करता?' तर सरळ सांगा, येशूमुळे. लपवायचं काहीच नाही. पण सेवेची किंमत म्हणून श्रद्धा मागितली की ती सेवा राहत नाही. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते तेव्हा अभ्यासिकेला दोन-तीन दिवस सुट्टी द्या आणि यात्रेवर टीका करू नका. मुलांच्या मित्रांचा, शेजाऱ्यांचा तो सण आहे.

शिबिराबद्दल थोडक्यात. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, त्यामुळे मुक्कामी शिबिर दिवाळीच्या सुट्टीत घ्या. मे महिन्यात व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) घ्यायचंच असेल तर सकाळी सात ते साडेदहा, मैदानी खेळ नऊच्या आत. प्रत्येक मुलाची पाण्याची बाटली दर अर्ध्या तासाला भरली जातेय का, हे पाहणारा एक माणूस वेगळा ठेवा आणि ओआरएसची पाकिटं हाताशी असू द्या. डोकं दुखतंय, मळमळतंय असं मूल म्हणालं की 'नाटक करतोय' म्हणू नका. सावलीत निजवा, ओल्या कापडाने पुसा, आणि बरळू लागलं तर थेट दवाखाना. मुक्कामी शिबिराच्या अर्जात रक्तगट, दमा, फिट, ॲलर्जी, चालू गोळ्या आणि दोन फोन नंबर हवेतच.

फेब्रुवारी-मार्चात दहावी-बारावीची मुलं येणार नाहीत. त्यांना फोनवर 'सभा बुडवलीस' म्हणू नका. पेपरच्या आदल्या संध्याकाळी एक ओळ गटावर टाका, पेपर सुटल्यावर बाहेर सरबत घेऊन उभे राहा.

निकालानंतर काही मुलं अकरावीला, डिप्लोमाला पुण्याला जातात, आणि तिथे पहिल्या महिन्यातच मंडळीपासून सुटतात. म्हणून जूनच्या आधी यादी करा: मूल कुठे जाणार, होस्टेल कुठल्या भागात, जवळची मंडळी कोणती. त्या मंडळीच्या पाळकांना आधी फोन करा आणि मुलाला व पालकांना विचारूनच मुलाचा नंबर द्या. पहिल्या रविवारी कोण भेटणार, त्या माणसाचं नाव आणि फोटो मुलाकडे असू द्या. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसला त्याला सोडायला घरच्यांसोबत आपल्यापैकीही कोणीतरी स्टेशनवर जा, आणि मुलगा दिवाळीला परत येईल तेव्हा शनिवारी साडेपाचला कॅरम त्याच जागी मांडलेला असू द्या.