सहा दिवसांचं कार्ड की तीन दिवसांचं

गुरुवार, जुलै

आज एकदाचं ठरलं. जिममध्ये नाव घातल्यावर मिळालेलं सहा दिवसांच्या व्यायामाचं कार्ड बाजूला ठेवायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे तीनच दिवस जायचं आणि प्रत्येक वेळी सगळ्या अंगाचा व्यायाम करायचा. त्यामागची कारणं इथे नीट लिहून ठेवते. कोणी "तीनच दिवस?" म्हणालं की माझं मन डळमळणार, तेव्हा हे पान उघडता यावं.

त्या कार्डावर सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी पाय, शुक्रवारी दंड आणि शनिवारी पोट. गोव्यात फोंड्यातल्या आमच्या जिममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला हेच मिळतं, मग ते चाळिशीतले काका असोत, वर्षानुवर्षं लोखंड उचलणारे दादा असोत की अकरावीतली मी. मुरलेल्या माणसाला ते चालत असेल. त्याचे पाय दमायलाच भरपूर सेट (एकाच व्यायामाच्या फेऱ्या) लागतात आणि मग त्यांना बरेच दिवस आराम हवा असतो. माझं काम वेगळं आहे. स्क्वॉट (वजन घेऊन बैठक) करताना गुडघे आत वळू न देणं, टाच न उचलणं, पाठ सरळ ठेवणं हे सगळं मला अजून मनात मोजत करावं लागतं. पाय आठवड्यातून एकदाच आले तर महिन्याकाठी चारदा सराव होईल. तीन दिवसांच्या पद्धतीत तो बारा वेळा होतो.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती स्नायू जाड झाल्यामुळे कमी, आणि मेंदू त्या स्नायूंना एकजुटीने कामाला लावायला शिकतो म्हणून जास्त. म्हणजे हे शिकणंच झालं. तबल्याचा कायदा आठवड्यातून एकदा तीन तास बडवून हातात बसत नाही, थोडा थोडा पण पुन्हा पुन्हा वाजवावा लागतो, तसंच हे. आणि दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस मोकळा असल्यामुळे अंगाला सावरायलाही वेळ मिळतो.

सोमवार मुद्दाम सोडला आहे. आमच्याकडे सोमवारी शिवराक (मासे-मटण नसलेलं जेवण) असतं आणि श्रावणात आई-आजीबरोबर मीही उपास धरते. रिकाम्या पोटी वजन उचलायचं नाही, हे पक्कं.

म्हापशाच्या चुलतभावाने पाच सेट आणि प्रत्येकात पाच रेप्स (एका सेटमधल्या आवृत्त्या) अशी पद्धत सुचवली होती. स्क्वॉट, बेंच प्रेस (आडवं पडून वजन वर ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) असे मोजके मोठे व्यायाम, आणि दर वेळी बारवर, म्हणजे लोखंडी दांड्यावर, अडीच किलो वाढवायचे. मला तिचा साधेपणा खरंच आवडला. पण आमच्या जिममध्ये हिशेब बसत नाही. बार नुसता २० किलोचा आहे. स्पर्धेत बायकांचा बार १५ किलोचा असतो, तो इथे नाही. सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची, आणि दोन्ही बाजूंना एकेक घालावीच लागते, म्हणजे एकदम पाच किलो वाढतात. डोक्यावर ढकलायच्या प्रेसमध्ये २० वरून २५ म्हणजे थेट पाव पट वाढ. दोन दिवसांत कोणाचे खांदे तेवढे वाढतात? सव्वा किलोच्या प्लेट असत्या तर मी कदाचित तीच पद्धत धरली असती.

म्हणून मी आधी रेप्स वाढवणार आणि मग वजन. प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, आठ ते बारा रेप्स. एका वजनाने तिन्ही सेटमध्ये स्वच्छ बारा झाले की पुढचं डंबेल घ्यायचं आणि पुन्हा आठपासून सुरुवात. अजून दोन रेप्स निघतील असं वाटतं तिथेच सेट थांबवायचा. एकदाच जास्तीत जास्त किती उचलता येतं ते बघायची मुलांमध्ये फार हौस असते, त्या वाटेला मी जाणार नाही. वाढत्या वयातल्या मुलांसाठी बालरोगतज्ज्ञ सांगतात तेही हेच: आधी तंत्र, वजन हलकं, आणि जवळ जाणतं माणूस.

व्यायामाच्या दोन पाळ्या केल्या आहेत. पहिलीत डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, बेंचवर हात टेकून पुश-अप आणि एका हाताने रो (वाकून डंबेल कमरेकडे ओढणं). दुसरीत डंबेलचं रोमानियन डेडलिफ्ट (पाय जवळजवळ सरळ ठेवून कमरेतून वाकणं), खांद्यांचं प्रेस आणि लॅट पुलडाउन (वरचा दांडा छातीकडे ओढणं). शेवटी प्लँक (कोपरांवर अंग सरळ धरून ठेवणं). आज पहिली तर शनिवारी दुसरी, अशा आलटूनपालटून.

आजीची काळजी खरी आहे. "बाये, वजनं उचललीस तर उंची खुंटेल," असं ती रोज म्हणते. तिला मी समजावलं. लांब हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात, त्यांना अपघाताने इजा झाली तर धोका असतो. पण नीट शिकवलेल्या, बेताच्या वजनाच्या व्यायामाने उंची खुंटते असं आढळलेलं नाही. टीव्हीवर दिसणाऱ्या वेटलिफ्टिंगच्या खेळाडू बुटक्या असतात, हे तिचं म्हणणं. त्याचं कारण उलटं आहे. ज्यांची उंची कमी त्यांना वजन कमी अंतर न्यावं लागतं, म्हणून तो खेळ त्यांना साथ देतो. मग मी तिला मीराबाई चानूंबद्दल सांगितलं. २०२१ मध्ये टोकियोला ४९ किलो गटात त्यांनी क्लीन अँड जर्कमध्ये (वजन आधी खांद्यांपर्यंत, मग डोक्यावर) ११५ किलो उचलले आणि रौप्यपदक मिळवलं. आजीने हातातलं वातींचं काम थांबवून मला तो व्हिडिओ दोनदा लावायला सांगितला. त्या मुलीचे पाय कसे डगमगत नाहीत, हे तिनेच मला दाखवलं.

खाण्याचं जास्त लिहिण्यासारखं नाही. माझ्या वयाच्या मुलींना रोज साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं हवीत असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) कोष्टक सांगतं, व्यायाम करताना त्याहून थोडी जास्त धरते. जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे बांगडा महाग. तोवर अंडी, आळसांद्यांचं तोंडाक (चवळीसारख्या कडधान्याची खोबऱ्याची आमटी), चण्याचा रोस, दही. जिममध्ये कोणीतरी पावडरचा डबा पुढे केला होता, तो नको म्हटलं. झोप मात्र आठ तासांच्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि मला हेच सगळ्यात अवघड जाणार आहे, कारण ट्यूशनवरून बांदोड्याला घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजतात.

मासिक पाळीच्या दिवसांत सुट्टी घ्यायलाच हवी असं नाही. दुखत असेल तर वजन कमी, फार दुखत असेल तर घरी.

ही पद्धत कधी बदलायची तेही आत्ताच ठरवते, म्हणजे दर आठवड्याला नवीन काहीतरी बघून मन धावणार नाही. एखाद्या व्यायामात लागोपाठ तीनदा एकही रेप वाढला नाही तर वजन एक पायरी खाली आणून पुन्हा चढायचं. तसं दोनदा करूनही अडले तर जिमच्या सरांशी बोलायचं. चवथीला (गणेशचतुर्थीला) आम्ही पेडण्याच्या मूळ घरी जातो, तेव्हा आठवडाभर जिम नाही. तेवढ्याने ताकद जात नाही, म्हणून तिथे फक्त बैठका आणि पुश-अप. परतल्यावर एक पायरी हलक्या डंबेलने सुरुवात.

शनिवारी रोमानियन डेडलिफ्ट पहिल्यांदाच करणार आहे. सहा-सहा किलोची डंबेल घेईन. कंबर मागे ढकलताना पाठ गोल होते का, ते बाजूने बघा, असं सरांना पहिल्या सेटच्या आधीच सांगायचं आहे.